तापल्या अंगावर गार पाणी

८ फेब्रुवारी, रविवार

पोरीला पळायला शिकवणाऱ्या मालोजी सरांनी आज कर्जतच्या मैदानावर मला बाजूला घेतलं आणि ही वही हातात दिली. म्हणाले, "मनोजराव, तुमची भीती हिच्यात लिहा. पोरीच्या कानात ओतू नका. ती पळायला उभी राहते तेव्हा तुमचं काळीज तिच्या पायांत अडकतं."

सर तोंडावर बोलतात. राग आला, पण वही घेतली. पळसदरी धरणाच्या पंपहाऊसवर माझी नोकरी. पंप सुरू केला की त्याच्याकडे बघत बसायचं एवढंच काम, त्यामुळे घाबरायला भरपूर वेळ मिळतो.

तर लिहितो. समीक्षा माझी एकुलती एक मुलगी. वय तेवीस, दीड हजार मीटर पळते. देशात तिच्या तोडीच्या दोघी-तिघी असतील. त्यातली एक खालापूरकडची सोनाली, याच सरांची शिष्या. गेली पाच वर्षं ती आठवड्यातून एकदा तरी आमच्याकडे जेवते. आशियाई स्पर्धेच्या संघात दीड हजारला एकच जागा उरली आहे आणि तिच्या दावेदार या दोघी. सोनालीची वेळ सरस. पण मोठ्या शर्यतीत समोरासमोर आल्या की समीक्षाच पुढे. निवड समितीत निम्मे म्हणतात वेळ बघा, निम्मे म्हणतात कोण कुणाला हरवतं ते बघा. शेवटी ठरलं की एप्रिलात चाचणी घ्यायची, जिंकेल ती जाईल.

ती हरेल याची मला भीती वाटते, आणि जिंकेल याचीही. जिंकली की पुढची शर्यत आलीच. शर्यत मी बघत नाही. शेवटच्या वळणापाशी कुंपणाला टेकून मैदानाकडे पाठ करून उभा राहतो आणि लोकांच्या आवाजावरून ताडतो. पोरीला जिंकताना मी आजवर एकदाही पाहिलेलं नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

धोंडीची चहाची टपरी स्टेशनबाहेर आहे. तिथे एक फळा टांगलाय. पूर्वी त्यावर वडा-भजीचे भाव असायचे. समीक्षा राष्ट्रीय शर्यतीत पहिली आली तेव्हापासून त्यावर जगातल्या दहा सर्वांत मोठ्या दीड हजारवाल्यांची यादी असते. मोबाइलवर जुन्या शर्यती बघून सगळं गाव शहाणं झालंय. दर आठवड्याला भांडण होतं, यादी पुसली जाते, नवीन लिहिली जाते.

आजचं भांडण मोरोक्कोच्या माणसावरून. धोंडी घड्याळाच्या बाजूचा. "इक्रम त्याचा हाय. इतकी वर्सं झाली, कुणाच्या बापाला मोडता आला नाय. मग पयला नंबर त्याचाच. घड्याळ कुणाची भीडभाड ठेवत नाय."

दामूअण्णा म्हणजे एकेकाळचे तालुक्यातले नावाजलेले पळणारे. आता गुडघे गेले, तोंड राहिलं. ते म्हणाले, "घड्याळाचं कवतिक नको सांगू. इक्रमाच्या शर्यतीत पुढं भाड्यानं लावलेला गडी पळतो, ससा म्हनतात त्याला, वारा तो खातो, येग तो लावून देतो. आलिंपिकात ससा नसतो. तितं हा एकदा पडला, एकदा हरला, तवा कुटं तिसऱ्या खेपेला जिंकला."

"आन तिसऱ्या खेपेला नसता जिंकला तर बारका झाला असता काय?"

"झाला असता."

"तोच माणूस, तेच पाय, तरी?"

"तरी. मोटेपण पायात नसतं रं धोंडी. हरलेल्याला जाऊन इचार, कोण मोटा. त्याला बरोबर ठावं असतं."

मग ऐंशी सालच्या त्या दोन इंग्रजांचं निघालं. एकाचं आठशे, दुसऱ्याचं दीड हजार, आणि ऑलिंपिकमध्ये दोघंही एकमेकांच्या शर्यती जिंकून गेले. त्यांच्यात मोठा कोण, यावर चहाच्या दोन फेऱ्या झाल्या. शेवटी धोंडीने मला विचारलं, "मनोजदादा, तुमी सांगा. धावपटूचे वडील तुमी."

मी म्हणालो, "शर्यत संपल्यावर जो चालत घरी येतो तो मोठा."

सगळे हसले. धोंडी म्हणाला, "मग मलाच घ्या फळ्यावर. मी रोज चालत घरी जातो."

यादीत दहावी जागा रिकामी ठेवतात, समीक्षासाठी. मी तिकडे बघत नाही. दृष्ट लागायला आणखी काय लागतं?

२२ फेब्रुवारी, रविवार

सराव संपल्यावर आज समीक्षाने सोनालीची बाटली तोंडाला लावली. फ्रीजमधलं पाणी, बाटलीला बाहेरून घाम फुटलेला. मी धावत जाऊन हिसकावून घेतली. सोनाली बघत राहिली. आमच्या घरी गार पाणी नसतं हे तिला ठाऊक आहे, का ते माहीत नसेल.

आमच्या घरात माठ नाही. फ्रीज आहे, पण त्यात पाणी ठेवत नाहीत. शनिवार-रविवारी धरणावर येणाऱ्या पाहुण्यांना माझी बायको संध्या जेवण करून देते, त्यांच्यासाठी गार पाण्याच्या बाटल्या धोंडीकडून आणाव्या लागतात. आई तर वैशाखातसुद्धा कोमट पाणी पिते.

माझा थोरला भाऊ सहदेव एकोणीस वर्षांचा होता. चैत्री जत्रेची शर्यत, देवळापासून रेल्वेच्या फाटकापर्यंत आणि परत. तो जिंकला. दामूअण्णा दुसरे आले. सहदेव गुलालाने माखून घरी आला, ओट्यावर टेकला आणि पाणी मागितलं. मी बाहेर त्याला बक्षीस मिळालेला नारळ घेऊन मिरवत होतो, घरात फक्त आई होती. मी आत आलो तेव्हा तो कलंडला होता आणि तांब्या गडगडत उंबऱ्यापाशी आला होता. सगळ्या गावाने एकच सांगितलं, तापल्या अंगावर गार पाणी पडलं, काळीज बसलं. तेरावा झाल्यावर आईने माठ विहिरीपाशी नेऊन फोडला.

म्हणून मी दर सरावाला थर्मासमधून कोमट पाणी नेतो. पोरं हसतात, हसू देत. जगात कशाकशाला घाबरावं हे मला कळत नाही, म्हणून मी सगळ्यालाच घाबरतो. पण माणूस कशाने जातो ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

१ मार्च, रविवार

धरणाच्या रस्त्यावर चढ संपतो तिथे समीक्षा आज मध्येच कठड्यावर बसली. मी सायकलवर मागे होतो. चेहरा पांढरा, ओठ निळसर. म्हणाली, "काही नाही बाबा, छातीत मासळी फडफडल्यासारखं झालं. जाईल."

कठड्याखाली गोळेवाल्याची गाडी होती. मी विचारलं, बर्फाचा गोळा खाल्लास ना? ती नाही म्हणाली. मला खरं वाटलं नाही. घरी येईपर्यंत तिच्याशी बोललो नाही. संध्याकाळी तिला सुंठ घालून गरम पाणी दिलं, ती मुकाट्याने प्यायली. रात्री बरी होती.

४ मार्च, बुधवार

गोळेवाल्याला विचारून आलो. तो म्हणतो, तुमची मुलगी माझ्या गाडीकडे कधी फिरकत पण नाही. पैसे देऊन गप्प बसवला असेल.

८ मार्च, रविवार

संध्याशी भांडण झालं. ती म्हणते, "पोरगी जिना चढून वर गेली की उशीला पाठ टेकून बसते. कपडे वाळत घालायला गेली तर मधेच थांबते. डॉक्टरला दाखवून आणू."

मी म्हणालो, चाचणी होऊ दे. डॉक्टर म्हटला की काहीतरी लिहिणार, ते सरांच्या कानावर जाणार, सरांकडून समितीच्या. इतक्या वर्षांची मेहनत एका कागदाने जायची.

"आणि काही असलं तर?"

"काय असणार? या वयात? दीड हजार पळणाऱ्या मुलीच्या छातीला काय होणार?"

ती भाजी चिरत राहिली. मला उत्तर दिल्याचं समाधान वाटलं पाहिजे होतं, ते वाटलं नाही. ज्याला कुत्र्याची, टेंपोची, मांजर आडवं जाण्याची भीती वाटते, त्याला डॉक्टरची वाटली तर नवल काय? पण ही भीती वेगळी आहे, हिच्याकडे बघायला गेलो की मान आपोआप वळते.

१९ मार्च, पाडवा

सोनाली पुरणपोळी खायला आली होती. दोघी ओट्यावर बसून बोलत होत्या आणि मी गुढीची काठी धुतो आहे असं दाखवत ऐकत होतो.

सोनाली म्हणाली, "माजी वेळ माजी नाय गं. त्या शर्यतीत पुढं ससा होता. मी नुसती त्या बाईच्या पाठीकडं बघत पळाले."

समीक्षा म्हणाली, "आणि मी तुला हरवते ते तरी कसं? तीन फेऱ्या तुझ्या मागे लपते. वारा तू खातेस, मी शेवटी बाहेर पडते."

"मग मोटी कोण?"

"धोंडीमामाला विचारू."

हसल्या दोघी. अशा हसताना बघितलं की वाटतं, त्या एका जागेचं काय लोणचं घालायचंय? पण जाताना सोनाली माझ्यापाशी थांबली. हळूच म्हणाली, "काका, हिला दाखवून आना. परवा सरावात ही भिंतीला धरून उभी व्हती. सरांना सांगू नको म्हनाली. मी चाचणीआदी सांगते हाय ते मुद्दाम."

मुद्दाम! तेच तर. चाचणीआधी समीक्षाला दवाखान्यात पाठवलं की जागा कुणाची होणार? आमच्या ताटातली पोळी पोटात असताना ही मुलगी असा विचार करते. मी म्हणालो, बघतो. दार लावून घेतलं.

२ एप्रिल, गुरुवार

आज जत्रा. शर्यत अजून होते. आई देवळात येत नाही, घरातच हात जोडते.

दामूअण्णा जरा घेतलेले होते. टपरीवर माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "मन्या, फळ्यावर नऊ नावं लिवतात, धावं समीक्षासाटी सोडतात. मी कदी बोल्लो नाय, पन अकरावं माज्या डोक्यात असतं. तुजा सहदेव. कुणी घड्याळ लावलं नाय त्याला. मेडल नाय, फोटू नाय. पन मी त्याच्या मागं पळालोय. फाटकापासून वर येताना त्यानं मागं वळून बगितलं आन हसला. पुडच्या साली हरवीन असं मी तितंच ठरवलं. कुणाला हरवू?"

मग म्हणाले, "तोबी आदल्या महिन्यात पळता पळता मधीच बांधावर बसायचा. मी म्हनायचो, सोंग करतोस."

धोंडीने त्यांना पाणी पाजून घरी सोडलं. दारू उतरली की त्यांना हे आठवणारही नाही. मी घरी आलो. समीक्षाच्या बुटांच्या नाड्या तपासल्या, त्या घट्ट होत्या.

१४ एप्रिल, मंगळवार

दोन दिवस लिहिता आलं नाही. चाचणी रविवारी झाली. आज पनवेलच्या दवाखान्यात, व्हरांड्यातल्या बाकावर बसून लिहितो आहे. समीक्षा जिवंत आहे, हे आधी लिहितो.

मी नेहमीसारखा शेवटच्या वळणाला कुंपणापाशी उभा होतो, पाठ करून. बंदूक वाजली. पहिली फेरी गेली, पायांचा आवाज माझ्या पाठीमागून गेला. दुसरी गेली. निवेदक सांगत होता, सोनाली पुढे, समीक्षा तिच्या मागोमाग. तिसऱ्या फेरीत लोक ओरडायला लागले, निवेदक म्हणाला, समीक्षा बाहेर पडली, समीक्षा पुढे आली. शेवटच्या फेरीची घंटा वाजली. संध्याने माझा दंड धरला होता. मी डोळे मिटून घेतले आणि देवाचं नाव घेतलं.

मग आवाज कमी झाला. पडल्यावर लोक ओरडतात. हे तसं नव्हतं, लोक एकदम गप्प झाले. मी वळायला हवं होतं. वळलो नाही. कुणीतरी येऊन सांगेल म्हणून उभा राहिलो. संध्या धावत गेली तेव्हा वळलो.

समीक्षा माझ्यापासून दहा पावलांवर, धावपट्टीच्या आतल्या गवतावर बसली होती. पडली नव्हती, बसली होती. पुढे असताना ती स्वतः थांबली, गवतावर आली आणि खाली बसली. बाकीच्या मुली तिच्या बाजूने पुढे गेल्या. मैदानावरच्या डॉक्टरने छातीला तारा लावल्या, कागदाची पट्टी बघितली आणि लगेच गाडी मागवली.

गाडीत तिने माझा हात धरला होता. मी विचारलं, "काय गं झालं?"

म्हणाली, "घंटेनंतर परत फडफडायला लागलं. या वेळेला थांबेना. डोळ्यांपुढे काळं यायला लागलं. तरी मी पळत होते, म्हटलं एवढंच तर राहिलंय. वळणावर आले आणि तुमची पाठ दिसली. दर शर्यतीत त्या जागी तुमची पाठ दिसते बाबा. वाटलं, मी इथे पडले तर यांना दुसरंच कुणीतरी येऊन सांगणार. म्हणून थांबले."

पनवेलपर्यंत मी तिचा हात सोडला नाही.

त्याच संध्याकाळी सोनाली आली. छातीवर नंबर तसाच. जागा तिला मिळाली. खाली मान घालून उभी राहिली आणि म्हणाली, "काका, मी जिंकले नाय. ती पुडं व्हती. मला तिच्या पुडं जाता येत नव्हतं." मी तिला बसायला सांगितलं. पाडव्याला दार लावून घेतलं होतं, ते आठवून तिच्या तोंडाकडे बघवेना. संध्याने तिला डब्यातलं जेवायला दिलं.

१५ एप्रिल, बुधवार

डॉक्टरबाई तरुण आहेत, सावकाश बोलतात. पडद्यावर समीक्षाचं हृदय दाखवलं. त्याचा स्नायू जाड झालाय, जन्माचा दोष आहे, म्हणाल्या. जोरात पळताना ठोका चुकतो, आणि कधीतरी चुकलेला ठोका परत येत नाही.

मग विचारलं, "घरात कुणी तरुण वयात अचानक गेलंय का?"

मी म्हणालो, "भाऊ गेला. पण तो पाण्याने."

"बुडून?"

"नाही. पिऊन."

त्यांनी लिहिणं थांबवलं आणि सगळं विचारलं. शर्यत, गुलाल, ओटा, तांब्या. त्याआधी कधी चक्कर? धाप? मी बांधावरचं सांगितलं, दामूअण्णा बोलले होते ते. बाई म्हणाल्या, "काका, पाण्याने कुणी जात नाही असं. हा आजार घराण्यात उतरतो. आता तपासता येणार नाही, पण तुमच्या भावाला हाच असावा, असं मला वाटतं. तो पाणी न पिताही गेला असता. तुमचीसुद्धा तपासणी करावी लागेल."

समीक्षाने एकच विचारलं, "मला काय करता येईल?"

"गोळ्या घ्यायच्या, लक्ष ठेवायचं. शर्यत नाही. चालता येईल, हवं तेवढं."

तिने मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं. मी तिच्या पाठीकडे बघत बसलो. पाठीकडे बघत बसणं कसं असतं, ते तेवढ्या वेळात कळलं.

माझी तपासणी पुढच्या गुरुवारी आहे. समीक्षा म्हणाली, मी येईन बरोबर, आणि तुम्ही पडद्याकडे बघायचं.

१८ एप्रिल, शनिवार

घरी आलो. स्टेशनवर उतरून समीक्षा टपरीपर्यंत चालत आली, सावकाश. लोक उठून उभे राहिले. निकालात तिच्या नावापुढे लिहिलंय, शर्यत पूर्ण केली नाही.

धोंडीने फळ्याकडे बघितलं. दहावी जागा रिकामीच होती. विचारलं, "अण्णा, काय करू?"

दामूअण्णांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि वरून खालपर्यंत सगळा फळा पुसला. म्हणाले, "भाव लिव. वडा केवड्याला दिलास आज?"

समीक्षा हसली. मग रडली. धोंडीने तिला चहा दिला.

१९ एप्रिल, रविवार

आई मागच्या दारी बिरडं सोलत बसली होती. वाल कोमट पाण्यात घातलेले. मी शेजारी बसून चार दाणे सोलले आणि म्हणालो, "आये, सहदेव पाण्याने नाही गेला."

तिचे हात चालूच होते. मी डॉक्टरबाईंनी सांगितलं ते सगळं सांगितलं. जाड स्नायू, घराण्यातला दोष, समीक्षाला आहे तोच. तिला किती कळलं माहीत नाही.

"डाक्टरीन म्हनली?"

"हो."

"पानी नसतं दिलं तरी गेला असता?"

"तरी गेला असता."

तिने वाल सोलले. सालं एका बाजूला, दाणे एका बाजूला. मग म्हणाली, "मीच दिलेलं रं. त्यानं मागितलं, मी तांब्या भरून दिला. आनखी मागितलं, आनखी दिलं. तुजा बाप कदी बोल्ला नाय मला. पन मरंपर्यंत माज्या हातचं पानी प्याला नाय. सोता उटून घ्यायचा."

मला आठवलं. वडील जेवताना मध्येच उठायचे. मला वाटायचं, सवय.

"आता कोन सांगनार त्याला," ती म्हणाली. मग ओले हात पदराला पुसले आणि माझ्याकडे बघितलं. "म्हंजे बरंच झालं दिलं ते. नाय तर तान्हेला गेला असता माजा पोर."

मी दुपारी कर्जतला जाऊन माठ घेऊन आलो. कुंभारीण म्हणाली, नवा आहे, दोन दिवस पाणी भरून ठेवा आणि ओता, मग प्यायला घ्या. आईने तो मागच्या दारी वाळूवर बसवला, स्वतः पाणी भरलं आणि वर झाकण ठेवलं. समीक्षा म्हणाली, "आजी, तोवर फ्रीजमध्ये एक बाटली ठेवू का?"

आई म्हणाली, "नको गं. माठातलंच पिईन. दोन दीस हायेत नव्हं, थांबते."